खुर्च्यांच्या पैशातली शिडी

४ जून

माननीय लेखापरीक्षक महोदय,

आपला अहवाल आणि त्यापाठोपाठ निघालेली नोटीस, दोन्ही आज एकाच टपालात आली. अहवालात ज्या 'संबंधित अधिकारी' वारंवार येतात त्या म्हणजे मीच, हे लक्षात यायला मला परिच्छेद सातपर्यंत जावं लागलं. तिथे मी नगरपालिकेची लेखाप्रमुख म्हणून हुद्द्यासकट उभी होते. सभागृहाच्या फर्निचरसाठी मंजूर केलेल्या पैशातून मी अग्निशमन केंद्राला शिडी घेतली. सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतली नाही. सबब सार्वजनिक अंदाजपत्रक कायद्याचा भंग झाला आणि त्याला संबंधित अधिकारी व्यक्तिशः जबाबदार आहेत. एका शब्दाची चूक काढता येत नाही.

अहो-जाहो इथेच संपलं. बारक्या, तू काय झकास लिहितोस रे! शाळेत निबंधाला तुझ्या तोंडचं पाणी पळायचं, सगळे मी लिहून द्यायचे. आणि आता माझ्याच विरुद्ध असं लिहिलंयस की वाचताना मीच दोनदा 'वा' म्हणाले. समोर बसलेल्या रोखपालांना वाटलं मला बढती मिळाली.

तू सगळं लिहिलंस, पण का ते लिहिलं नाहीस. ते तुझं कामही नव्हे म्हणा. तरी ऐक. खुर्च्या हिरव्या घ्यायच्या की मरून, यावर आमचे नगरसेवक अख्खं वर्ष भांडले. वर्ष संपत आलं, पैसे तसेच पडून. वर्षअखेरीला न वापरलेले पैसे परत जातात हे तुला मी सांगायला नको. त्याच आठवड्यात अग्निशमनवाल्यांचा सराव होता. जुन्या शिडीची पायरी निखळली आणि एक जवान तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला एका हाताने लोंबकळला. खिडकीतल्या बाईने त्याला कॉलर धरून आत ओढलं. त्याच बाईला वाचवायचा सराव चालला होता. पुढची सभा वर्ष संपल्यावर होती. मी नगराध्यक्षांकडे दोनदा गेले, तातडीची सभा बोलवा म्हटलं. ते म्हणाले, आधी रंगाचं मिटू द्या. मग मी खुर्चीवर बसले, पेन काढलं आणि सही केली.

बिलावर काय लिहायचं यावर मला भरपूर सल्ले मिळाले. 'सभागृहासाठी उंच बाक' असं लिहा, कोण बघतंय, असंही एक जण म्हणाला. मी ठळक अक्षरात 'शिडी' लिहिलं. लपवायचं असतं तर तुला सापडलं नसतं, एवढी तरी माझी अक्कल मान.

आता पुढे काय ते मला ठाऊक आहे. जबाबदारी निश्चित झाली तर शिडीची पूर्ण किंमत माझ्या पगारातून आणि मग पेन्शनमधून वसूल होईल, आणि पद जाईल. घर त्याच पगारावर चालतं आणि घरात बाबा आहेत. मला घाबरायला हवं. पण खरं सांगू? मला स्फुरण चढलंय. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या आकड्यांवर बरोबरची खूण करत आले. पहिल्यांदाच मला कोणीतरी उभं करून विचारणार आहे की बाई, तुम्ही हे का केलंत. सकाळपासून मी आरशासमोर उत्तरं देतेय. लेक म्हणते, आई, निवडणुकीला उभी राहतेयस का?

एक गोष्ट मात्र तुझ्या अहवालात कुठेच नाही. तू माझा सख्खा भाऊ आहेस ही. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, तू बाहेरगावाहून बदलून आलास, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. ज्यांचे हिशोब तपासायचे त्यांच्या घरचं पाणीही नको, म्हणून बदली होऊन आल्यापासून तू माझ्या घरी एक कप चहा घेतला नाहीस. बाबांना भेटायला उंबऱ्याच्या आत आला नाहीस. मी फोन केले, तू 'कार्यालयीन वेळेत बोला' म्हणालास. मग मीही फोन बंद केले, माझाही राग नाकावरच असतो. आणि असा सोवळा माणूस बहिणीचेच हिशोब तपासायला बसला. मला याचा अर्थ लागत नाही. तू सांग.

आपली,
संबंधित अधिकारी


९ जून

बारक्या,

तू उत्तर देणार नाहीस हे गृहीत धरूनच लिहिते. पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतेय, ऑफिसात नाही. तेवढी मलाही समज आहे.

मी वकील केली. तोफ. माझ्या वर्गातली, आपल्याकडे अभ्यासाला यायची आणि तुझ्या वाटचा खाऊ संपवायची, तीच. आवाज अजून तसाच आहे. ती घरात आली की बाबा कानातलं यंत्र काढून ठेवतात.

तोफेने आल्या आल्या बचाव सांगितला, तो ऐक आणि बसून ऐक. शिडी हे फर्निचरच आहे. शिडीला पाय असतात. शिडी घडी होते. शिडी सभागृहात भिंतीला लावून ठेवता येते. शब्दकोशात फर्निचर म्हणजे 'इमारतीत वापरायच्या हलत्या वस्तू' असं आहे, आणि ही तर चाकांवर हलते. मी म्हटलं, अगं, ती उघडली की पाचव्या मजल्यापर्यंत जाते, सभागृहात उभी केली तर छत फोडून बाहेर येईल. ती म्हणाली, छताच्या खर्चाचं हेड वेगळं आहे. आम्ही दोघी इतक्या हसलो की चहा उतू गेला.

मग तिने अहवालाचं शेवटचं पान उलटलं आणि खालची सही बघितली. हसणं थांबलं. "हा आपला बारक्या ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती खुर्चीतून उठलीच. "मग तू मला शिडीचे पाय कसले मोजायला लावतेस? सुटलीस तू."

तुला ते कलम पाठ असेलच. जवळच्या नातलगाचा हिशोब आला तर लेखापरीक्षकाने लेखी कळवून बाजूला व्हायचं. तसं केलं नाही तर अहवाल बाद, आणि तो लेखापरीक्षक स्वतः जबाबदार. सुनावणीत मी उभं राहून एक वाक्य बोलायचं, 'हे माझे भाऊ आहेत', की नोटीस निकालात निघते. मी मोकळी, तू चौकशीत. तोफ म्हणाली, "त्याने तुझी गय केली नाही, तू कशाला करतेस? नोकरी तुझी, बाप तुझ्या घरात."

मी नाही म्हटलं. तिने बरंच सुनावलं. मी पुन्हा नाही म्हटलं. त्यावर तिने जाताना जे सांगितलं, ते मला लागलं बारक्या. तिने तुमच्या कार्यालयात चौकशी केली होती. आमच्या नगरपालिकेचं काम आधी त्या गोंदाकडे गेलं होतं म्हणे. तोच ना, ज्याला धरलं की सोडत नाही म्हणून गोंद म्हणतात? ते तू त्याच्याकडून मागून घेतलंस. अर्ज करून. एवढी हौस होती तुला माझ्यावर लाल शाई ओतायची? दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मला काही वाटलं नसतं. मी बरोबरच म्हटलं असतं. पण मागून घेऊन?

मी त्या दिवशी भांडी आपटून आपटून घासली. एका कपाचा कान तुटला. तुझाच कप होता, तू येशील म्हणून ठेवलेला.

मी सुनावणीत तुझं नाव काढणार नाही. दयेने नव्हे. तुझा अहवाल खरा आहे आणि मी खऱ्या गोष्टीला आडवाटेने पाडणार नाही, म्हणून. मी त्याच्याशी समोरून भिडणार आहे. तयार राहा.

संबंधित अधिकारी (या वेळी खरंच चिडलेली)


१५ जून

बारक्या, बारक्या,

लिहिताना हात थांबत नाहीये, अक्षर लागलं नाही तर भिंग घे.

बाबा रोज सकाळी अग्निशमन केंद्रात जाऊन बाकावर बसतात हे तुला माहीत नसेल. तिथूनच निवृत्त झाले तरी सवय सुटत नाही. नवी शिडी आल्यापासून तर तिची जणू धाकट्या लेकीसारखी चौकशी असते. तेल दिलंत का, दोर ओला ठेवू नका, चाकाखाली लाकूड लावा. जवान हसतात पण ऐकतात, कारण बाबांचा पाय शिडीवरून पडूनच दुखरा झालाय हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आज जेवताना मी सहज म्हटलं, तुमच्या चिरंजीवांनी अहवालात लिहिलंय, 'शिडीची पूर्ण उंचीपर्यंत प्रत्यक्ष पाहणी केली', पण केली असेल खालूनच मान वर करून. स्टुलावर चढला तरी त्याला घेरी येते. बाबांनी घास ताटात ठेवला.

"खालून नाही केली," ते म्हणाले. "चढला होता."

"कोण?"

"तुझा भाऊ. मी होतो की तिथे."

म्हणजे बाबांना सगळं माहीत होतं आणि ते इतके दिवस मूग गिळून बसले होते. मी ताट बाजूला सारलं आणि त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं. तू आलास. ओळखपत्र दाखवलंस. बाकावर बाबा बसलेले दिसले तेव्हा थबकलास, आणि मग त्यांना म्हणालास, "काका, जरा बाजूला व्हाल का?"

काका! बारक्या, सख्ख्या बापाला काका?

मग तू शिडी उघडायला लावलीस. जवान म्हणाला, साहेब, आम्ही चढून दाखवतो. तू म्हणालास, पाहणी मी करायची आहे. बूट काढून ठेवलेस आणि चढलास. बाबा म्हणाले, अर्ध्यावर तुझे पाय लटलट कापत होते, ते खालून दिसत होतं. त्यांना राहवलं नाही. ते उठले आणि त्यांनी शिडी धरली. तिला धरायची काही गरज नसते, ती गाडीला बोल्टने जखडलेली आहे. तरी धरली. तू थेट वर गेलास, वरच्या पायरीवर हात ठेवलास आणि उतरलास. खाली आल्यावर "धन्यवाद, काका" म्हणालास. बाबा म्हणाले, "सांभाळून, साहेब."

मला हे का सांगितलं नाहीत, मी विचारलं. बाबा म्हणाले, "त्याने मला ओळख दाखवली नाही, म्हणजे काहीतरी कारण असणार. मी कशाला त्याची अडचण करू?"

मी तेव्हापासून घरभर फिरतेय. ज्याला मला नुसतं अडकवायचंय तो कापत्या पायांनी शिडीच्या टोकाला जात नाही. शिडी खरी आहे, मजबूत आहे, पूर्ण उंचीची आहे, हे कोणाला तरी कागदावर आणायचं होतं. पैसे कोणाच्या खिशात गेले नाहीत, शिडीतच गेले, हे. मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मी पहिल्यांदा तो वाचलाच नव्हता बारक्या, मी माझं नाव शोधत होते.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. काका प्रकरणाचा तर नवीन आलाय. पण आता वाटतंय की तुझ्या मनात काहीतरी आहे, आणि ते ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ताई


२२ जून

हे पत्र तुला सुनावणीनंतर मिळेल. तरी लिहिते, कारण गप्प बसवत नाही.

तोफेला आज शेवटचं सांगितलं. शिडीला फर्निचर म्हणायचं नाही, आणि तुझं नाव घ्यायचं नाही. ती म्हणाली, मग मी तिथे काय करू? मी म्हटलं, माझ्या बाजूला बस आणि मी घाबरले तर चिमटा काढ.

उद्याच्या साडीला इस्त्री करून ठेवलीय. बाबाही येणार म्हणतायत. देव करो आणि ते तिथे कोणाला शिडीची देखभाल शिकवायला न लागोत.


२४ जून

बारक्या,

काल तू कुठे गायब झालास? मी फाइल तोफेच्या अंगावर टाकून जिना उतरत पळाले, बाबा मागून "अगं हळू" करतायत, आणि फाटकाशी येते तर तुझी बस निघालेली. ठीक आहे. तू तिथे होतासच, तरी सगळं पुन्हा लिहिते. मी जे बघितलं ते तुला दिसलं नसेल, तू पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होतास.

सुनावणीच्या अध्यक्षबाई बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "या शिडीने आजवर किती जीव वाचले?" तोफेने श्वास रोखला. तिला वाटलं मी आता एखादं मूल ज्वाळांतून बाहेर काढणार. मी म्हटलं, "एकही नाही. आग लागली नाही. आजवर तिच्यावर चढून नगरपालिकेचं घड्याळ दुरुस्त केलं आणि एक जाहिरातीचा फलक उतरवला." मागे कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पुन्हा असं कराल?"

"पुन्हा वेळ आली तर सभा बोलवायला लावीन. दोनदा नाही, रोज जाऊन बसेन. दारात बसेन. आणि तरी नाही बोलावली, तर पुन्हा इथेच आपली भेट होईल."

तोफेने चिमटा काढला. मी घाबरले नव्हते, तिचाच धीर सुटला होता.

मग त्यांनी अहवालाची खातरजमा करायला तुला उभं केलं. नेहमीचे प्रश्न. अहवाल आपलाच ना, पाहणी आपणच केली ना. शेवटचा प्रश्न तर त्या जवळजवळ न बघताच वाचत होत्या. संबंधित अधिकाऱ्यांशी आपलं काही नातं? मी डोळे मिटले. 'नाही' म्हण, मी मनात म्हणत होते, म्हणून टाक आणि बस खाली.

"सख्खी बहीण आहे," तू म्हणालास.

गोंद मागच्या रांगेत होता, तोच नव्हे तर त्याची खुर्चीही पुढे आली असेल. बाईंनी चष्मा काढला. मग बाजूला का झाला नाहीत, त्यांनी विचारलं. आणि तू मान खाली घालूनच बोललास, ते मला शब्द न् शब्द पाठ आहे.

"मी बाजूला झालो असतो तर ज्यांच्याकडे हे काम होतं त्यांनी अपहार लिहिला असता. त्यांचा मसुदा मी बघितला होता. हा अपहार नाही. ही अनियमितता आहे. जेवढी चूक आहे तेवढीच लिहिलेली मला हवी होती. नियम मला माहीत होता. मी तो मोडला."

बारक्या, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तूही तेच केलंस. डिट्टो तेच. तुलाही दुसरीकडे जायला वेळ नव्हता, तुलाही परवानगी मिळाली नसती, आणि तूही काम बरोबर केलंस आणि चुकीच्या हेडखाली टाकलंस. आणि माझ्यासारखंच, विचारल्यावर ठळक अक्षरात सांगून टाकलंस. मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम, तेही त्या भरल्या खोलीत.

तोफ उठलीच. तिची चूक नाही, तिचं कामच ते. अहवाल बाद करा, नोटीस मागे घ्या, ती गरजली. बाई म्हणाल्या, "अहवाल बाजूला ठेवावा लागेल हे खरं आहे." म्हणजे मी सुटले होते. पगार शाबूत, पेन्शन शाबूत. आणि तुझा अहवाल नातेवाइकाने केलेली लबाडी म्हणून कपाटात.

मी हात वर केला. शाळेतल्यासारखा. म्हटलं, "त्यातली प्रत्येक ओळ मला मान्य आहे. लिहून घ्या."

"विचार करून बोला," बाई म्हणाल्या. "अहवाल नसला तरी तुमच्या कबुलीवर मी निकाल देऊ शकते."

"म्हणूनच बोलतेय. त्याने खरं लिहिलंय. ते खरं होतं एवढं तरी कुठेतरी राहू दे."

त्यांनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमच्या घरात सगळेच असे आहेत का?"

"बाबा नाहीत," मी म्हटलं. "ते फक्त शिडी धरतात." तेव्हा मात्र त्या हसल्या.

जेवणाच्या सुट्टीनंतरचा निकाल तू ऐकलासच. भंग झाला, जबाबदार मी. लाभ नाही, लपवाछपवी नाही, शिडी नगराकडे आहे, म्हणून पूर्ण वसुली नाही. वर्षभर पगारातून कपात, आणि माझा सह्यांचा अधिकार काढला. लेखाप्रमुख पदावरून मी आता आवक-जावक विभागात. रोखपाल रडले, मी त्यांना समजावत बसले. आणि तुझी चौकशी लागली, तोवर हिशोब तपासायचे नाहीत, नव्या भरतीला शिकवायचं. बिचारी पोरं.

पगार कमी झाला म्हणून लेकीने आणि मी आज बसून घरखर्चाचं अंदाजपत्रक केलं. ती म्हणाली, आई, एका हेडचे पैसे दुसऱ्यात टाकायचे नाहीत हं. मी तिला उशी फेकून मारली. मजेत आहोत आम्ही. मला खंत नाही. निकाल बरोबर आहे, आणि शिडीही बरोबर आहे, आणि हे दोन्ही एकदम खरं असू शकतं हे मला काल कळलं. खुर्च्यांचा रंग अजून ठरलेला नाही.

आता मुद्द्याचं. तू माझा लेखापरीक्षक राहिला नाहीस. मला सही करायचा अधिकार राहिला नाही. मी तोफेला दोन वेळा विचारून खात्री करून घेतलीय, तुझ्या-माझ्या एकत्र चहाला आता कोणत्याही कलमाची आडकाठी नाही. नवीन कप आणलाय. रविवारी ये.

बाबांनी अग्निशमन केंद्रात सांगून ठेवलंय, सकाळी शिडी बाहेर काढायची म्हणून. तुला पुन्हा वर चढवायचा बेत आहे त्यांचा, बूट काढून. निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहिते: "त्याला म्हणावं, मी धरतो. पण या वेळी काका म्हणालास तर सोडून देईन."

तुझी
ताई